दुबईहून ‘दोन सेंटात’ येणारे यूएसडीटी : लेअर-टू नेटवर्क म्हणजे काय आणि पैसे कुठे अडकतात?

आखातात नोकरीला असलेल्या मुलांकडून हल्ली घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक नवीन वाक्य येऊ लागलंय : “अब्बा, या वेळी मनी एक्स्चेंजमधून नाही पाठवत. यूएसडीटी पाठवतो, आर्बिट्रमवर दोन सेंटपण फी लागत नाही.” घरच्यांना यातलं यूएसडीटी अर्धवट कळतं, आर्बिट्रम तर अजिबात नाही. भिवंडी-मालेगावातली कॉम्प्युटर शिकलेली मुलंही बेस, पॉलिगॉन, लाइटनिंग अशी नावं सहज घेतात. या सगळ्यांना मिळून ‘लेअर-टू’, म्हणजे दुसऱ्या थराची नेटवर्क, असं म्हटलं जातं.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. फी खरोखर कमी झाली आहे, त्यात थाप नाही. पण जे कमी झालंय ते रस्त्याचं भाडं. पैसा अडकतो किंवा बुडतो तो बहुतेक वेळा रस्त्याच्या टोकांना, चढताना आणि उतरताना. म्हणून आधी रस्ता समजून घेऊ, मग टोकांकडे वळू.

मुळात फी लागते कशाची?

ब्लॉकचेन ही एक सामाईक खातेवही आहे. तिची प्रत जगभरातल्या हजारो कॉम्प्युटरवर असते आणि प्रत्येक नोंद या सगळ्यांनी तपासायची असते. त्यामुळे खोटी नोंद घुसवणं फार कठीण, पण वही चालते हळू. २००९ साली सुरू झालेलं बिटकॉइन सेकंदाला साधारण सात व्यवहार पेलतं. २०१५ साली आलेलं इथेरियम बरीच वर्षं पंधराच्या आसपास पेलत होतं. वहीच्या पानावर जागा कमी आणि लिहिणारे जास्त, मग जो जास्त पैसे देईल त्याची नोंद आधी. म्हणजे फी हा एक लिलावच आहे.

इथेरियमवर या फीला ‘गॅस’ म्हणतात. हिशेब असा : यूएसडीटीसारखं टोकन एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर पाठवायला साधारण ६५,००० गॅस लागतो. गॅसचा भाव ‘ग्वेई’त मोजतात आणि एक अब्ज ग्वेई म्हणजे एक ईथर. समजा भाव ३० ग्वेई आहे आणि ईथर ३,००० डॉलरला आहे, तर फी झाली ५.८५ डॉलर. गर्दी वाढून भाव २०० ग्वेईवर गेला की तीच फी ३९ डॉलर.

यात नीट बघण्यासारखी गोष्ट ही की फी रकमेवर ठरत नाही. एक लाख डॉलर पाठवणारा आणि शंभर डॉलर पाठवणारा दोघेही तेवढीच फी देतात. बड्या व्यापाऱ्याला ३९ डॉलर म्हणजे चहापाणी, पण महिन्याला २०० डॉलर घरी पाठवणाऱ्या कामगाराचा पाचवा हिस्सा रस्त्यातच गेला. डिसेंबर २०१७ मध्ये क्रिप्टोकिटीज नावाच्या, कार्टून मांजरी विकत घेण्याच्या खेळाने सगळं इथेरियम तुंबवलं होतं. मे २०२२ च्या सुरुवातीला ‘अदरसाइड’ नावाच्या काल्पनिक जमिनींची विक्री झाली, तेव्हा काहींनी एकेका व्यवहाराला हजारो डॉलर नुसती फी भरली. मांजरी आणि हवेतले प्लॉट यांच्या गर्दीत गरिबाचे दोनशे डॉलर अडकावेत, ही त्या व्यवस्थेची खरी अडचण होती.

दुसरा थर म्हणजे काय?

युक्ती साधी आहे. प्रत्येक नोंद मुख्य वहीत करायचीच कशाला?

बिटकॉइनवरचं लाइटनिंग नेटवर्क किराणा दुकानाच्या खात्यासारखं चालतं. रोज दूध-पाव घेताना आपण बँकेत जात नाही. दुकानदाराच्या वहीत मांडतो आणि महिन्याने एकदम हिशेब करतो. लाइटनिंगमध्ये दोन पक्ष आधी थोडे बिटकॉइन एका सामाईक कप्प्यात बंद करतात, मग आपसात कितीही वेळा देवाणघेवाण करतात. मुख्य वहीत नोंद फक्त कप्पा उघडताना आणि बंद करताना होते. फरक एवढाच की इथे उधारी नसते, पैसे आधीच कप्प्यात असतात. जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा यांनी ही कल्पना मांडली आणि २०१८ पासून ती प्रत्यक्ष वापरात आहे.

इथेरियमवरची पद्धत वेगळी. तिला ‘रोलअप’ म्हणतात. आम्हाला तिच्यासाठी कोकणातल्या वडापचीच आठवण येते. स्पेशल रिक्षा केली तर सगळं भाडं एकट्याच्या अंगावर, वडापमध्ये बसलात तर दहा जणांत वाटून. रोलअप शेकडो-हजारो व्यवहार आपल्या वेगळ्या नेटवर्कवर आधी पार पाडतो, मग त्यांचं एक गाठोडं बांधून मुख्य इथेरियमवर टाकतो. मुख्य वहीचं भाडं सगळ्यांत वाटलं जातं.

गाठोड्यात खोटी नोंद नाही कशावरून? इथे दोन पंथ आहेत. आर्बिट्रम, ऑप्टिमिझम आणि कॉइनबेस कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये खुलं केलेलं बेस ही नेटवर्क गाठोडं खरं धरून चालतात आणि हरकतीला मुदत देतात. तलाठ्याकडे फेरफार टाकल्यावर हरकतीची मुदत असते ना, तसंच. ही मुदत साधारण सात दिवसांची असते आणि ती पुढे आपल्याला नडणार आहे, लक्षात ठेवा. दुसरा पंथ झेडकेसिंक, स्टार्कनेट, लिनिया यांचा. ते गाठोड्यासोबत गणिती पुरावाच जोडतात, त्यामुळे हरकतीसाठी थांबायची गरज नसते.

फी खऱ्या अर्थाने कोसळली ती १३ मार्च २०२४ रोजी. त्या दिवशी इथेरियममध्ये ‘डेनकुन’ नावाची सुधारणा झाली आणि रोलअपच्या गाठोड्यांसाठी ‘ब्लॉब’ नावाची स्वस्त, वेगळी जागा मिळाली. ब्लॉबमधली माहिती कायमची ठेवत नाहीत, साधारण १८ दिवसांनी काढून टाकतात, म्हणून ती जागा स्वस्त. तेव्हापासून या नेटवर्कांवर साध्या व्यवहाराची फी काही सेंटांवर, बरेचदा एका सेंटच्याही खाली आली. गर्दी तिकडे सरकल्याने मूळ इथेरियमवरचा गॅसही अलीकडे बराच उतरला आहे.

पॉलिगॉनचं नाव आपल्याकडे जास्त ऐकू येतं, त्याला कारण आहे. २०१७ साली ‘मॅटिक’ या नावाने ते मुंबईत सुरू झालं. जयंती कनानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन हे त्याचे संस्थापक. त्याच्या चाचणी नेटवर्कचं नावही बरीच वर्षं ‘मुंबई’च होतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत २०२२ साली सुमारे ६५,००० जात प्रमाणपत्रांची नोंद याच पॉलिगॉनवर करण्याचं काम हाती घेतलं गेलं, कागद खरा की बनावट हे कुणालाही तपासता यावं म्हणून. दाखल्यांसाठी ऑफिसच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आपल्या लोकांना हा उपयोग यूएसडीटीपेक्षा जवळचा वाटेल. मात्र एक बारीक गोष्ट : लोक जे पॉलिगॉन वापरतात ते काटेकोर अर्थाने लेअर-टू नाही. ती स्वतःचे पहारेकरी असलेली शेजारची साखळी आहे. इथेरियमचा सगळा पहारा तिला मिळत नाही. आणि ज्यावर सर्वांत जास्त यूएसडीटी फिरतात त्यांतलं एक, ट्रॉन, हे तर लेअर-टू नाहीच, ते स्वतंत्र नेटवर्क आहे.

पैसे अडकतात ते इथे

पहिलं टोक : चुकीचं नेटवर्क. यूएसडीटी एकच, पण ते इथेरियम, ट्रॉन, आर्बिट्रम, पॉलिगॉन अशा कितीतरी नेटवर्कांवर असतं. त्यात इथेरियम कुटुंबातल्या सगळ्या नेटवर्कांवर तुमचा पत्ता तोच दिसतो. म्हणून मुलगा बेसवर पाठवतो, वडिलांचं खातं ज्या क्रिप्टो एक्स्चेंजवर आहे तिथे बेस चालतच नाही. पैसे गेलेले दिसतात, खात्यात मात्र शून्य. पत्ता तुमच्या स्वतःच्या वॉलेटचा असेल, म्हणजे त्याचे बारा किंवा चोवीस गुप्त शब्द तुमच्याकडे असतील, तर घाबरू नका. वॉलेटमध्ये ते नेटवर्क जोडलं की पैसे दिसतील. पण पत्ता एक्स्चेंजचा असेल तर चावी त्यांच्याकडे. ते मेहरबानी करतील तेव्हा, फी घेऊन, नाही तर कधीच नाही.

ही चूक फक्त नवख्यांची नाही. जून २०२२ मध्ये ऑप्टिमिझमने विंटरम्यूट या मोठ्या ट्रेडिंग कंपनीला २ कोटी ओपी टोकन कामासाठी उसने दिले. कंपनीने जो पत्ता दिला तो मुख्य इथेरियमवर तिचा होता, ऑप्टिमिझमवर तो अजून तयारच केलेला नव्हता. एका हॅकरने तोच पत्ता ऑप्टिमिझमवर आधी उभा केला आणि टोकन उचलले. नंतर त्याने १ कोटी ७० लाख टोकन परत केले, हे नशीब. आपल्या दोनशे डॉलरसाठी असं कुणी परत करणार नाही.

दुसरी अडचण इंधनाची. आर्बिट्रम, ऑप्टिमिझम, बेसवर फी ईथरमध्येच द्यावी लागते, पॉलिगॉनवर पीओएल या नाण्यात. अम्मीच्या वॉलेटमध्ये ५०० यूएसडीटी आले, पण ईथर जराही नाही, तर फी फक्त एक सेंट असूनही ते ५०० जागचे हलत नाहीत. पाठवणाऱ्याने सोबत एखाद्या डॉलरचा ईथर पाठवला तर हा घोळ होत नाही.

मग ब्रिज. एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर पैसे नेणाऱ्या व्यवस्थेला ब्रिज म्हणतात, म्हणजे पूल. आर्बिट्रम किंवा ऑप्टिमिझमच्या अधिकृत पुलावरून मुख्य इथेरियमवर परत यायचं तर ती सात दिवसांची हरकतीची मुदत आडवी येते. ज्याच्या घरी उद्या हॉस्पिटलचं बिल भरायचंय त्याला सात दिवस कसे परवडणार? म्हणून लोक झटपट ब्रिज वापरतात. ते मिनिटांत पैसे देतात, पण आपला वाटा कापतात आणि त्यांची सुरक्षा त्यांच्यापुरती असते. पुलाखाली लोकांचा पैसा एका जागी साठतो, त्यामुळे चोरांचा डोळा तिथेच. मार्च २०२२ मध्ये रोनिन नावाच्या ब्रिजवरून ६० कोटी डॉलरहून अधिक गेले आणि अमेरिकेच्या एफबीआयने त्यामागे उत्तर कोरियाच्या हॅकरांचं बोट दाखवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नोमॅड ब्रिज लुटला गेला, सुमारे १९ कोटी डॉलर. शक्य असेल तिथे क्रिप्टो एक्स्चेंजवरून थेट हव्या त्या लेअर-टूवर पैसे काढावेत. पुलावर पाय न ठेवणं हाच त्यातला बरा मार्ग.

नेटवर्क बंद पडणं हेही घडतं. व्यवहारांची रांग लावणारा ‘सीक्वेन्सर’ बहुतेक लेअर-टूंवर एकाच कंपनीच्या हाती असतो. १५ डिसेंबर २०२३ रोजी आर्बिट्रम तासाभराहून जास्त ठप्प होतं. बऱ्याच नेटवर्कांमध्ये नियम बदलण्याची चावी अजून एका छोट्या समितीकडे आहे. ‘कुणाचीही मालकी नाही’ असं जे ऐकवलं जातं, ते दुसऱ्या थराबाबत आज तरी अर्धंच खरं आहे.

आणि फी स्वस्त झाल्याचा फायदा चोरांनाही झालाच. तुम्ही नेहमी ज्याला पाठवता त्याच्यासारखाच दिसणारा पत्ता, पहिले चार आणि शेवटचे चार अक्षर-आकडे तेच, ते बनवतात आणि तुमच्या वॉलेटवर शून्य रकमेचा व्यवहार करून ठेवतात. पुढच्या वेळी तुम्ही जुन्या यादीतून पत्ता कॉपी करता आणि पैसे चोराकडे जातात. मे २०२४ मध्ये मुख्य इथेरियमवर एकाचे असेच सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलर गेले होते. पूर्वी एवढे सापळे लावायला चोराला खर्च यायचा. आता सेंटात हजार सापळे लागतात. म्हणून जुन्या यादीतून कॉपी नको. पत्ता प्रत्येक वेळी समोरच्याकडून मागून घ्या आणि मधले आकडेही वाचून बघा.

भारतातलं टोक

आता उतरण्याचं ठिकाण. समजा मुलाने दुबईहून १,००० यूएसडीटी पाठवले. डॉलर ८५ रुपये धरला तर ८५,००० रुपये. लेअर-टूची फी दोन रुपयांच्या आत. इथवर मुलगा बरोबर बोलला.

पण यूएसडीटीने मंडईत भाजी मिळत नाही. ते विकून रुपये करावे लागतात. १ जुलै २०२२ पासून क्रिप्टोच्या विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो. आपल्या उदाहरणात ते ८५० रुपये. रिटर्न भरलं तर ते हिशेबात धरता येतात, पण रिटर्न न भरणाऱ्या घरातून ते गेलेच समजा. वर क्रिप्टो एक्स्चेंजची फी, तिच्यावर जीएसटी, खरेदी आणि विक्रीच्या भावातला फरक. नफा झाला असेल तर १ एप्रिल २०२२ पासून त्यावर सरळ ३० टक्के कर, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजाही करता येत नाही. उलट घरखर्चासाठी मुलाने बँकेतून पाठवलेल्या पैशांवर घरच्यांना काहीच आयकर लागत नाही, आणि युएई-भारत ही पैसे पाठवण्याची वाट तशी जगातल्या स्वस्त वाटांपैकी एक आहे. सगळी बेरीज केली की ‘दोन सेंट’ची बचत बहुतेकदा उरतच नाही.

टीडीएस टाळायला मग लोक ‘पी-टू-पी’ करतात. म्हणजे अनोळखी माणसाला यूएसडीटी द्यायचे आणि त्याने आपल्या बँक खात्यात रुपये टाकायचे. खरा धोका इथे आहे आणि याबद्दल आपल्या घरांमध्ये पुरेसं बोललं जात नाही. त्या अनोळखी माणसाने टाकलेले रुपये कुणाची तरी ऑनलाइन फसवणूक करून मिळवलेले असू शकतात. फसलेला माणूस १९३० वर तक्रार करतो, पोलीस पैशाचा माग काढतात आणि साखळीतलं प्रत्येक खातं गोठवलं जातं. त्यात तुमचंही. तक्रार कदाचित दुसऱ्याच राज्यातली. लेकीच्या लग्नाचे, कॉलेजच्या फीचे जमवलेले पैसे त्याच खात्यात, आणि “आम्ही फक्त क्रिप्टो विकले” हे सिद्ध करण्यासाठी परराज्यातल्या सायबर सेलला पत्रव्यवहार, वकील, हेलपाटे. त्यातही नाव आपल्यासारख्यांचं असलं की चौकशीच्या पहिल्या दिवशी घरच्यांच्या पोटात गोळा उठतो, हे लपवून काय उपयोग.

कायद्याची बाजूही पाहा. क्रिप्टो बाळगणं भारतात गुन्हा नाही. रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं बँकांना मनाई करणारं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केलं. मार्च २०२३ पासून क्रिप्टो एक्स्चेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आली, त्यांना ग्राहकांची माहिती ठेवावी आणि संशयास्पद व्यवहार कळवावे लागतात. पण परदेशातून घरी पैसे पाठवण्याच्या मान्य वाटा म्हणजे बँका आणि रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या मनी ट्रान्स्फर सेवा, क्रिप्टो त्यांत नाही. पाठवणाऱ्याच्या देशाचाही प्रश्न आहे. दुबईत क्रिप्टोवर देखरेख करणारी स्वतंत्र यंत्रणा आहे. कुवेतने मात्र जुलै २०२३ मध्ये क्रिप्टोने पैसे देणं, त्यात गुंतवणूक करणं, सगळ्यालाच बंदी घातली. कुवेतमधल्या मुलाने दुबईतल्या चुलतभावाचं पाहून तेच करायला जाणं म्हणजे नोकरीवर आणि व्हिसावर पाणी सोडण्याची तयारी.

मग लेअर-टू कुणाच्या कामाचं? ज्याच्याकडे कायदेशीर वाटेने घेतलेले, कर भरलेले क्रिप्टो आहेत आणि ते एका वॉलेटमधून दुसऱ्यात हलवायचे आहेत, त्याचे पैसे नक्की वाचतात. अर्जेंटिना, नायजेरियासारख्या देशांत, जिथे आपलंच चलन हातात वितळतं, तिथे लोकांना थोडे डॉलर जवळ ठेवायला याचा आधार वाटतो. रत्नागिरी किंवा श्रीवर्धनच्या घराला महिन्याचा खर्च पाठवण्यासाठी मात्र आम्हाला आज तरी यात फायदा दिसत नाही.

हलालचं काय?

हा प्रश्न येणारच. उलमांमध्ये एकमत नाही. इजिप्तच्या दार अल-इफ्ताने २०१८ मध्ये बिटकॉइनच्या व्यवहारांना मनाई सांगितली. इंडोनेशियाच्या उलेमा कौन्सिलने नोव्हेंबर २०२१ मध्ये चलन म्हणून क्रिप्टो हराम ठरवलं, पण अटी पाळून वस्तू म्हणून व्यवहाराला वाव ठेवला. काही मुफ्ती ते माल मानून तत्त्वतः जायज ठरवतात. लेअर-टूमुळे यात फरक पडत नाही, नेटवर्कची फी ही कामाची मजुरी आहे, सूद नाही. पण याच स्वस्त नेटवर्कांवर तुमच्या यूएसडीटीवर ‘वर्षाला इतके टक्के’ अशा जाहिराती वॉलेट उघडताच दिसतात. नाव ‘यील्ड’ असो वा ‘अर्न’, बऱ्याच ठिकाणी ते पैसे कर्जाऊ देऊन घेतलेलं व्याजच असतं. मुलगा “फी स्वस्त आहे” म्हणून आत गेला आणि “पैसे तिथेच ठेवले तर वाढतात” म्हणू लागला, तर पैसे कशातून वाढतात हे त्याला विचारा आणि आपल्या मौलानांपुढेही तसंच मांडा.

एवढं वाचूनही कुणाला पाठवायचंच असेल तर आधी दहा डॉलर पाठवावेत, ते समोर पोहोचून रुपये होईपर्यंत थांबावं आणि मगच उरलेली रक्कम. नेटवर्कचं नाव फोनवर न सांगता लिहून घ्यावं. प्रत्येक व्यवहाराचा हॅश, तारीख, त्या दिवशीचा भाव आणि कुणाकडून आले हे एका वहीत टिपून ठेवावं, सीए आणि बँक दोघेही हेच मागतात. विक्री भारतात नोंदणी असलेल्या क्रिप्टो एक्स्चेंजवरच करावी, टीडीएस कापला गेला तरी. पैसे ज्या बँक खात्यात येणार ते घरखर्चाच्या आणि बचतीच्या खात्यापासून वेगळं असावं. आणि फसवणूक झाल्याचं लक्षात आलं तर त्याच तासात १९३० ला फोन करावा, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी थांबवता आला तरच तो परत मिळण्याची आशा असते.